एकच सूचना अकरा ठिकाणी: पुस्तिकेतल्या पुनरुक्तीचं काय करायचं?

प्रश्न: मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही दुकानदार आणि घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. वापरकर्ता पुस्तिका सांभाळायला आम्ही दोघीच आहोत. पुस्तिका वर्डमध्ये आहे, १८० पानांची, इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही भाषांत. तोच मजकूर आम्ही वेबसाइटच्या मदत-विभागातही चिकटवतो. बॅकअप घ्यायच्या पायऱ्या अकरा ठिकाणी आहेत, लॉगिनच्या तर त्याहून जास्त. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली तेव्हा सगळीकडे बदल केला असं वाटलं होतं, पण गेल्या महिन्यात एका ग्राहकाने दोन पानांवर अजून १० कोटी असल्याचं दाखवलं. साहेब म्हणतात, प्रत्येक गोष्ट एकदाच लिहा आणि बाकी ठिकाणी लिंक द्या. सपोर्टवाले म्हणतात, लिंक कुणी उघडत नाही, थेट फोन येतात. डेव्हलपर म्हणतात, व्हेरिएबल वापरा. कुणाचं ऐकू?

उत्तर:

साहेब तुमच्या फाइलीबद्दल बोलत आहेत आणि सपोर्टवाले वाचकासमोरच्या पानाबद्दल. म्हणून दोघांचं एकाच वेळी ऐकता येतं. बॅकअपची सूचना वाचकाला अकरा पानांवर दिसली तर काहीच बिघडत नाही. उलट ज्या पानावर तो काम करतोय तिथेच ती मिळाली तर त्याचा एक फोन वाचतो. बिघडतं ते तुम्ही ती अकरा वेळा टाइप केलेली असते म्हणून. तेव्हा मूळ मजकूर एकाच जागी ठेवायचा आणि पानावर मात्र गरज असेल तिथे तो पुन्हा पुन्हा दाखवायचा. डेव्हलपरांचं व्हेरिएबल, म्हणजे एकाच जागी लिहून पानांत फक्त नावाने ओढलेला शब्द किंवा आकडा, त्यासाठी उपयोगी आहे, पण मराठीत ते जपून वापरावं लागतं. त्याकडे पुढे येतो.

आधी त्या १० कोटींचं बघू, कारण तिथे घाईत मोठी चूक होऊ शकते. ‘१० कोटी’ शोधून सगळीकडे ‘५ कोटी’ करू नका. ई-इन्व्हॉइसची मर्यादा १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींपासून सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये ती १०० कोटींवर आली, एप्रिल २०२१ मध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. तीन वर्षांच्या आत पाच वेळा बदललेला आकडा हाताने सांभाळणं कुणालाच जमणार नाही, त्यामुळे दोन पानं सुटली याचं वाईट वाटून घेऊ नका. पण १ एप्रिल २०२५ पासून दुसराही एक १० कोटींचा नियम लागू आहे. ज्यांची उलाढाल १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आतच ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावं लागतं. तुमच्या पुस्तिकेत हा नियम असेल, तर तिथले १० कोटी बरोबर आहेत. आंधळ्या शोधा-बदला आदेशाने एक चूक दुरुस्त होईल आणि दुसरी नव्याने तयार होईल.

हाच प्रश्न ५ कोटींचाही आहे. एचएसएन कोड, म्हणजे बिलावरचा वस्तूचा वर्गीकरण-क्रमांक, चार आकडी द्यायचा की सहा आकडी, याची सीमाही ५ कोटीच आहे, १ एप्रिल २०२१ पासून. आकडा तोच, पण नियम वेगळा. एचएसएनसाठी मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल धरतात. ई-इन्व्हॉइससाठी २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षी मर्यादा ओलांडली असेल तरी नियम लागू होतो. एखाद्या व्यापाऱ्याची उलाढाल २०१९-२० मध्ये ६ कोटी होती आणि आता ३ कोटी आहे, तर त्याला चार आकडी एचएसएन चालतो, पण ई-इन्व्हॉइस करावंच लागतं. तुमच्या पुस्तिकेत ‘५ कोटी’ नावाचं एकच व्हेरिएबल असेल आणि उद्या यातली एकच मर्यादा बदलली, तर दुसरा नियम आपोआप चुकीचा छापला जाईल, आणि तोही सगळ्या पानांवर एकाच वेळी.

म्हणून मजकूर एकत्र करण्याआधी दरवेळी स्वतःला विचारा: यातलं एक बदललं, तर दुसरं त्याच कारणाने बदलायलाच हवं का? उत्तर ‘हो’ असेल तर दोन्ही एक करा. ‘नाही’ असेल तर शब्दन्‌शब्द सारखे असले तरी वेगळे ठेवा. विक्रीचं बिल रद्द करायच्या आणि खरेदीचं बिल रद्द करायच्या पायऱ्या आज अगदी सारख्या असतील. उद्या डेव्हलपर विक्रीच्या बाजूला ‘रद्द करण्याचं कारण’ असा एक रकाना घालतील आणि खरेदीच्या बाजूला घालणार नाहीत. त्या दोन पायऱ्यांना जबरदस्तीने एका फाइलीत कोंबलं, तर मग ‘विक्री असेल तर हे, खरेदी असेल तर ते’ अशा अटी घालत बसावं लागतं.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट समजते. फक्त आकडा सामायिक करून भागत नाही, नियमाचं पूर्ण वाक्य सामायिक करायला हवं. मजकूर हाताने उतरवताना आकडा सहसा बरोबर उतरतो, गळतं ते ‘कोणत्याही एका वर्षी’ हे. आणि व्यापाऱ्याचा गोंधळ नेमका त्या गळलेल्या शब्दांमुळे होतो. ‘२०१७-१८ पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात ज्यांची एकूण उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त झाली आहे, त्यांना ई-इन्व्हॉइस करावे लागते’ हे अख्खं वाक्य एका छोट्या फाइलीत ठेवा आणि पानांत तिथूनच घ्या.

काही ठिकाणी मात्र आकडा हातानेच लिहायचा. ‘१ ऑगस्ट २०२३ पूर्वी ही मर्यादा १० कोटी होती’ हा इतिहास आहे, तो बदलत नाही, तिथे व्हेरिएबल घालू नका. तारखेसह दिलेल्या नमुना बिलातही घालू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांच्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांवर आल्या. ऑगस्ट २०२५ च्या नमुना बिलात दर व्हेरिएबलमधून आला, तर त्या बिलावर त्या वस्तूला तेव्हा लागूच नसलेला दर दिसेल आणि खालची बेरीजही जुळणार नाही. स्क्रीनशॉटमधल्या आकड्यांपर्यंत तर कुठलंच व्हेरिएबल पोहोचत नाही. म्हणून ज्या चित्रांत दर, मर्यादा किंवा आवृत्तीचा क्रमांक दिसतो, त्यांची वेगळी यादी ठेवा. शक्य असेल तिथे चित्र कापून तो भाग बाहेर काढा.

आता पानावर काय पुन्हा दाखवायचं आणि कुठे लिंक द्यायची ते ठरवू. पण त्याही आधी थोडी छाटणी करा.

लॉगिनच्या पायऱ्या जवळजवळ सगळीकडून काढून टाका. ‘परत आलेल्या मालाची नोंद कशी करावी’ हे पान उघडणारा दुकानदार आधीच आत आलेला असतो. त्याला लॉगिन शिकवणं म्हणजे पहिल्या चार पायऱ्या वाया घालवणं, आणि मग तो पाचवीही वाचत नाही. लॉगिन एका पानावर, पासवर्ड विसरल्यास काय करायचं ते त्याच पानावर, एवढं पुरे. ‘सॉफ्टवेअर उघडा’, ‘मुख्य पडदा दिसेल’, ‘काम झाल्यावर पडदा बंद करा’ या ओळीही तशाच. त्या गेल्या तर वाचकाचं काहीच अडत नाही.

उरलेल्यात डेटा जाण्याची किंवा पैशांची चूक होण्याची शक्यता असेल, तर तो इशारा त्या पायरीच्या अगदी आधी, प्रत्येक पानावर, पूर्ण शब्दांत द्या. ‘बॅकअप परत आणल्यावर, तो बॅकअप घेतल्यानंतर केलेली सर्व बिले आणि नोंदी नाहीशा होतात’ हे वाक्य लिंकच्या आड ठेवायचं नाही. पायरीनंतरही ठेवायचं नाही, कारण लोक एक पायरी वाचतात, ती करतात आणि मग पुढची वाचतात. आणि असा एखादा इशारा तुम्हाला पाच-सहा पानांवर द्यावा लागत असेल, तर डेव्हलपरांकडे जा आणि तो सॉफ्टवेअरच्या पडद्यावरच दाखवायला सांगा. पुस्तिका न वाचणाऱ्यालाही तो तिथे दिसतो. आम्हाला हे काम सगळ्या पुस्तिकेपेक्षा मोलाचं वाटतं.

वाचक हातात माउस घेऊन काहीतरी करत असेल आणि मध्येच त्याला दुसऱ्या तीन-चार पायऱ्या लागणार असतील, तर त्या तिथेच दाखवा. पाचपर्यंत ठीक. त्याहून लांब प्रक्रिया असेल, जसं प्रिंटर जोडणं किंवा नवीन आर्थिक वर्ष सुरू करणं, तर लिंक द्या, पण कामाच्या मधोमध देऊ नका. पानाच्या सुरुवातीला ‘आधी हे झालेले असावे’ अशी एक ओळ करा आणि तिथे द्या. सपोर्टवाले म्हणतात ते खरं आहे, सहाव्या पायरीवर असलेला माणूस लिंक उघडत नाही. उघडलीच तर परत येताना तो कुठे होता ते विसरतो. सुरुवातीला दिलेली लिंक तो उघडतो, कारण त्याने अजून काही सुरू केलेलं नसतं. लिंकच्या शब्दांत तिकडे काय मिळेल तेही सांगा. ‘येथे पाहा’ पेक्षा ‘थर्मल प्रिंटर जोडणे’ हे शब्द जास्त काम करतात. छापील प्रतीत लिंक चालत नाही, तिथे पानाचा क्रमांक आपोआप येईल अशी सोय ठेवा.

संकल्पना समजावणारा मजकूर, म्हणजे क्रेडिट नोट म्हणजे काय, कंपोझिशन योजना कुणाला, हा एकाच पानावर ठेवा आणि लिंक द्या. हवं तर लिंकेआधी एका ओळीत अर्थ सांगा.

आता मराठीचा प्रश्न. पुनर्वापराच्या बहुतेक पद्धती इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाल्या आहेत. इंग्रजीत ‘सिलेक्टेड’ हा शब्द कुठल्याही नामाआधी तसाच बसतो, म्हणून ‘निवडलेलं अमुक काढून टाका’ असं एकच वाक्य लिहून ‘अमुक’च्या जागी व्हेरिएबल घालता येतं. मराठीत ग्राहक ‘निवडलेला’, वस्तू ‘निवडलेली’ आणि बिल ‘निवडलेले’. पुढचं क्रियापदही बदलतं: ग्राहक काढून टाकला जातो, वस्तू काढून टाकली जाते, बिल काढून टाकले जाते. एका व्हेरिएबलमागे असं निम्मं वाक्य हलतं.

त्यात सामान्यरूपाची भर. ‘साठा’ला प्रत्यय लागला की तो ‘साठ्यात’ होतो, ‘खाते’चं ‘खात्यात’ होतं, ‘पुरवठादार’चं ‘पुरवठादाराला’. व्हेरिएबलला हे कळत नाही. ते मूळ शब्द तसाच ठेवतं आणि पानावर ‘साठामध्ये’, ‘खातेमध्ये’, ‘पुरवठादारला’ असे शब्द उमटतात. मराठी वाचक तिथे अडखळतो, आणि आपल्याला मशीनने केलेलं भाषांतर दिलंय असं त्याला वाटतं. त्यानंतर बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास कमी होतो.

मर्यादेच्या आकड्यातही हा सापळा आहे. व्हेरिएबलमध्ये ‘५ कोटी रुपये’ ठेवलंत, तर वाक्यात ‘५ कोटी रुपयेपेक्षा’ येतं. फक्त ‘५ कोटी’ ठेवलंत आणि ‘रुपयांपेक्षा’ हा शब्द वाक्यात बाहेर लिहिलात, तर वाक्य सरळ उतरतं. म्हणजे प्रत्यय लागणारा शब्द व्हेरिएबलच्या बाहेर ठेवायचा. सॉफ्टवेअरच्या नावासाठीही तेच करा. नाव, मग ‘या’ आणि मग एक सामान्य नाम: ‘अमुक या प्रणालीत’, ‘अमुक या ॲपवर’. नाव कुठल्याही लिंगाचं असो, पुढे बदललं तरी वाक्य मोडत नाही. पडद्यावरच्या नावांनाही हीच पद्धत वापरा. ‘खाते’ या टॅबवर, ‘साठा’ या यादीत. अवतरणातला शब्द पडद्यावर दिसतो तसाच राहतो, त्यामुळे वाचकाला तो शोधणंही सोपं जातं. कधी कधी वाक्य थोडं लांबतं, पण ते चालतं.

यावरून मराठीसाठी आमचा सल्ला असा: व्हेरिएबल फक्त आकडे, तारखा, आवृत्तीचे क्रमांक, फोन नंबर आणि सॉफ्टवेअरचं नाव यांच्यासाठी. बाकी सगळा पुनर्वापर पूर्ण वाक्याचा, परिच्छेदाचा किंवा पायऱ्यांच्या गटाचा. ग्राहक, वस्तू आणि बिल काढून टाकायची तीन वाक्यं तीन वेळा लिहा, बिनधास्त. इंग्रजी फाइलींत नामाच्या जागी व्हेरिएबल असेल, तर तिथूनही काढा, नाहीतर भाषांतर करणाऱ्याला दरवेळी मूळ रचना मोडूनच पुढे जावं लागेल. आणि दोन्ही भाषांसाठी व्हेरिएबलची फाइल वेगळी ठेवा. नावं तीच, आत मराठीत देवनागरी आकडे आणि इंग्रजीत रोमन.

क्रियापदाचा सूरही आत्ताच ठरवून टाका. एका पानावर ‘निवडा, दाबा’ आणि दुसऱ्यावर ‘निवडावे, दाबावे’ असेल, तर सामायिक परिच्छेद दोन्हीकडे बसणार नाही आणि कुठेतरी ठिगळ लावल्यासारखा दिसेल. ‘क्लिक करा’, ‘बटण दाबा’, ‘टिचकी मारा’ यांपैकी एकच ठेवा. आमची पसंती ‘क्लिक करा’ला, कारण दुकानात तोच शब्द बोलला जातो.

आता १८० पानांतली पुनरुक्ती शोधायची कशी? वर्डची फाइल साध्या मजकुराच्या रूपात, यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडून, सेव्ह करा. पूर्णविराम आणि एक मोकळी जागा जिथे आहे तिथे नवी ओळ करा, म्हणजे एका ओळीत एक वाक्य येईल. हे सगळं एक्सेलच्या पहिल्या रकान्यात चिकटवा, शेजारच्या रकान्यात पानाचं किंवा प्रकरणाचं नाव ठेवा आणि अक्षरक्रमाने लावा. सारखी वाक्यं एकाखाली एक येतात. सुरुवात सारखी पण शेवट वेगळा अशीही शेजारी येतात, आणि ती जास्त महत्त्वाची, कारण विसंगती तिथेच लपलेली असते. मोजणीसाठी काउंटइफ हे सूत्र वापरता येतं, पण २५५ अक्षरांपेक्षा लांब मजकुरावर ते चुकतं, तेव्हा लांब वाक्यं डोळ्यांनीच तपासा.

इथे मराठी लिपीची एक अडचण येते, आणि तुमची दोन पानं सुटण्यामागे तिचाही हात असू शकतो. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हे युनिकोड या संगणकीय अक्षर-मानकातलं एक स्वतंत्र अक्षर आहे, २००८ मध्ये समाविष्ट झालेलं. पण बऱ्याच कीबोर्डांतून तो ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी उमटतो. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. ‘दुसऱ्या’, ‘व्यापाऱ्याला’ यांतला ‘ऱ्य’ही दोन प्रकारे टाइप होतो: एक ‘ऱ’ हे अक्षर वापरून, दुसरा साधा ‘र’ आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. एका प्रकाराने शोधलंत तर दुसरा सापडत नाही. त्यातच कुठे ‘१०’ देवनागरीत आणि कुठे रोमन आकड्यांत असेल, कुठे ‘कोटी’च्या आधी मोकळी जागा नसेल. म्हणून यादी लावण्याआधी शोधा-बदला करून या सगळ्याचा एकच प्रकार करून घ्या. दोघींच्या कीबोर्डची मांडणीही एक करा, नाहीतर महिन्याभरात दोन्ही प्रकार परत येतील. वेबसाइटवरच्या शोध-खिडकीलाही याचा फायदा होतो.

साधनाकडे वळू. आज लगेच वर्ड सोडता येणार नसेल, तर वर्डमध्येच दुसऱ्या फाइलीतला मजकूर जोडून घेणारं इन्क्लूडटेक्स्ट नावाचं फील्ड आहे. सामायिक परिच्छेद वेगळ्या फाइलीत ठेवा, प्रत्येकाला बुकमार्क द्या आणि पुस्तिकेत फील्डने ओढा. छापण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ ९ दाबून सगळी फील्ड ताजी करा. शीर्षपट्टी, तळपट्टी आणि मजकूर-चौकटीतली फील्ड यात येत नाहीत, ती वेगळी करावी लागतात. ओढलेल्या परिच्छेदात कुणी थेट दुरुस्ती केली, तर पुढच्या एफ ९ ला ती पुसली जाते, म्हणून सहकारिणीला हे आधीच सांगा. फोल्डर हलवलं की दुवे तुटतात. ही तात्पुरती सोय आहे, वर्षभर यावर राहू नका.

नंतर साध्या मजकुराच्या फाइलींवर चालणाऱ्या साधनाकडे जा. दोन माणसांच्या चमूला आम्ही ॲस्किडॉक्टर सुचवू. फाइल ओढणं, फाइलीतला खुणेने दाखवलेला तेवढाच भाग ओढणं, मथळ्याची पातळी एकाने खाली सरकवणं आणि व्हेरिएबल, हे सगळं त्यात मुळातच आहे. डिटा हे मोठ्या कंपन्यांत चालणारं मानक पुनर्वापरासाठी अधिक समर्थ आहे, पण ते शिकण्यात आणि मांडण्यातच तुमचे सहा महिने जातील.

ॲस्किडॉक्टर घेताना पुढच्या गोष्टी पहिल्याच दिवशी करा. बांधणीच्या, म्हणजे फाइलींपासून पानं तयार करण्याच्या, आदेशात, साधी चेतावणी आली तरी बांधणी अपयशी ठरेल असा पर्याय लावा, कारण ओढायची फाइल किंवा खूण सापडली नाही तरी एरवी पान तयार होतं, आणि इशारा नसलेलं पान वेबसाइटवर जातं. नसलेल्या व्हेरिएबलवर चेतावणी मिळेल अशी सेटिंग वेगळी आहे, तीही लावा. मुळात ते व्हेरिएबल तसंच, महिरपी कंसासकट छापलं जातं. व्हेरिएबलची आणि फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा. एकापाठोपाठ दोन फाइली ओढताना मध्ये एक रिकामी ओळ सोडा, नाहीतर पहिलीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकाच परिच्छेदात मिसळतात. क्रमांकित पायऱ्यांच्या मध्ये चित्र किंवा टीप येत असेल, तर ती अधिकच्या (+) चिन्हाने वरच्या पायरीला जोडा. न जोडल्यास यादी तिथेच संपते आणि पुढची पायरी पुन्हा १ पासून सुरू होते.

सगळ्यात महत्त्वाचं पीडीएफबद्दल. ॲस्किडॉक्टरचं स्वतःचं पीडीएफ साधन देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट मांडत नाही. मराठी पुस्तिका आधी वेबपान म्हणून तयार करा आणि क्रोमसारख्या ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून छापा, अक्षरं बरोबर येतात. हे जमत नसेल तर स्फिंक्स हा दुसरा पर्याय. त्यात पीडीएफसाठी झीलॅटेक हे इंजिन आणि देवनागरी फॉन्ट ठरवून द्यावा लागतो. स्फिंक्समध्ये सामायिक मजकुराच्या तुकड्यांच्या फाइलींना पानांचंच विस्तारनाव दिलंत, तर त्या स्वतंत्र पानं म्हणूनही बांधल्या जातात आणि एकच खूण दोनदा सापडल्याच्या चेतावण्या येतात. विस्तारनाव वेगळं द्या किंवा ते फोल्डर वगळा. एमकेडॉक्स हे तसंच तिसरं साधन घेतलंत तर त्याच्यासोबत वापरायच्या स्निपेट्स या जोडणीत फाइल तपासण्याचा पर्याय चालू करा. मुळात तो बंद असतो आणि न सापडलेला तुकडा गुपचूप गायब होतो.

तुकडे लिहिताना एक पथ्य पाळा. तुकड्याला आपण कुठल्या पानावर आहोत हे ठाऊक नसतं, म्हणून त्यात ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘खालील तक्ता’, ‘मागच्या प्रकरणात’ असे शब्द नकोत. नाव ठिकाणावरून देऊ नका, आत काय आहे त्यावरून द्या: ‘बॅकअप-परत-आणण्याचा-इशारा’. तुकड्यात दुसरा तुकडा ओढू नका. डेस्कटॉप आणि मोबाइलसाठी एखादी पायरी वेगळी असेल, तर अट पूर्ण पायरीवर घाला, वाक्याच्या मध्ये नको. तुकड्याचा तिसरा हिस्सा अटींनी भरला की तो मोडून दोन करा. आणि दोनच ठिकाणी येणाऱ्या मजकुरासाठी तुकडा करण्याची घाई नको. तिसऱ्यांदा लागला की करा. डेटा जाण्याचा इशारा आणि कायद्यातले आकडे याला अपवाद, ते पहिल्यापासूनच वेगळे काढा.

तुकडा बदलला की तो जिथे जिथे ओढला आहे ती पानं उघडून बघावीच लागतात. तुकड्याच्या माथ्यावर वापराच्या पानांची यादी हाताने लिहू नका, ती लगेच जुनी होते. फोल्डरमध्ये तुकड्याच्या फाइलीचं नाव शोधा, खरी यादी मिळते. अकरापैकी एखाद्या पानावर बदललेलं वाक्य आता बसत नसेल, तर मजकूर वाकवून अकराही ठिकाणी बसवायचा प्रयत्न करू नका. त्या एका पानाला त्याचं स्वतःचं वाक्य द्या.

सुरुवात पहिल्या आठवड्यात कायद्यातल्या आकड्यांपासून करा: ई-इन्व्हॉइसची मर्यादा, ३० दिवसांचा नियम, एचएसएनची सीमा आणि जीएसटीचे दर. यांची वाक्यं एकत्र काढून तुमच्या हिशेब-सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या. दुसऱ्या आठवड्यात लॉगिनच्या पायऱ्या छाटा आणि बॅकअपचे अकरा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचा. त्यांत फरक दिसतील, आणि त्यातले एक-दोन मुद्दाम केलेले असतील. कुठला फरक चूक आणि कुठला गरजेचा, हे सपोर्टमधल्या माणसाला बसवून ठरवा, कारण फोन त्याला येतात. वर्डमधून बाहेर पडण्याचं काम त्यानंतर, एका वेळी एक प्रकरण. ज्या प्रकरणावर सर्वांत जास्त फोन येतात, तेच पहिलं घ्या.